न आलेल्या गाडीचं स्टेशन

बारामतीला रेल्वे आली १९१४ साली, दौंडकडून, अडीच फुटी रुळांवरून. नीरेला ती त्याआधीच आली होती, पुण्याहून मिरजेला जाताना, मीटरगेजवर. या दोन स्टेशनांच्या मधला चाळीसेक किलोमीटरचा पट्टा मात्र रुळांवाचून राहिला. निंबुत, सोमेश्वरनगर, होळ, वडगाव निंबाळकर, कोऱ्हाळे, पणदरे, माळेगाव. ऊस, कालवा, दोन साखर कारखाने, सगळं ओळीनं मांडलेलं, आणि गाडी तेवढी नाही. १९७१ च्या सुमारास मिरज मार्गाचं ब्रॉडगेज झालं. बारामतीची छोटी गाडीही यथावकाश मोठी झाली. आता लोणंदहून फलटणपर्यंत रूळ पोचलेत आणि फलटण–बारामतीचं काम चालू आहे. ते नदीपलीकडून येऊन थेट बारामतीत शिरणार. आमच्या वाट्याला एसटी आणि उसाचे ट्रॅक्टर.

तेव्हा कोऱ्हाळे बुद्रुकचं स्टेशन मी घरीच बांधायला घेतलं.

जागा म्हणाल तर कोठीची खोली, दहा फूट बाय सात. तिच्यात पत्र्याच्या कोठ्या आहेत, बाजरीच्या आणि गव्हाच्या. त्यांच्या डोक्यावरून भिंतीला ब्रॅकेट मारून दीड फूट रुंदीची प्लायवुडची फळी फिरवली, इंग्रजी एलच्या आकारात. खाली धान्य, वर रेल्वे. घरात तह झाला तो एकाच कलमाचा: कोठीचं झाकण पूर्ण उघडलं पाहिजे. फळीची उंची ठरली ती त्या झाकणानं. ती आली बरोबर छातीशी, आणि हे कलम माझ्या पथ्यावरच पडलं. असली रेल्वे टेबलावर मांडली की आपण तिच्याकडे घारीसारखे वरून पाहतो. छातीच्या उंचीवर जरा वाकलं की डोळा थेट फलाटावर उतरतो आणि बोटाएवढं इंजिन अंगावर आल्यासारखं वाटतं.

लहान जागेत मुलूख उभा करायची विद्या आपल्याकडे कुणाला शिकवावी लागत नाही. दिवाळीत किल्ला केला नाही असं मराठी पोर विरळा. विटांचा ढीग, त्यावर किंतान, वर चिखल, पेरलेले अळीव, पायथ्याशी आरशाच्या तुकड्याचं तळं. त्या किल्ल्यात मापाला जागा नसते. मावळा बुरुजापेक्षा उंच असतो, महाराज दरवाजातून आत जाऊ शकणार नाहीत इतके मोठे असतात, आणि शेजारी प्लॅस्टिकचा वाघ हत्तीएवढा उभा असतो. कुणाला खटकत नाही. तिथे उंची मानावर ठरते, फुटपट्टीवर नाही, आणि मला ते अजूनही योग्य वाटतं.

माप पाळणारी दुनिया मी पहिल्यांदा पाहिली ती पुण्यात. कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १ एप्रिल १९९८ ला लोकांसाठी खुलं झालं. आत खुर्च्यांवर बसवतात, दिवे मंदावतात आणि समोरचं युरोपी वळणाचं गाव जागं होतं. गाड्या आपापल्या सिग्नलला थांबतात, उड्डाणपुलांवर वाहनं दिसतात, हळूहळू रात्र पडते. पोरं काचेला नाक लावतात. मोठी माणसं तेच करतात, फक्त आधी इकडेतिकडे बघून घेतात. मी पाटबंधारे खात्यात नोकरी केलेला माणूस, त्यामुळे माझी नजर गाड्यांपेक्षा उतारांवर आणि वळणांवर जास्त होती. एवढ्या चिमूटभर जागेत माणसानं चढ कुठे मुरवला, बोगदा कुठे वळवून घेतला, हेच मी शोधत बसलो. हॅम्बुर्गला २००१ पासून मिनिआटुर वुंडरलँड नावाचं याहून कितीतरी अवाढव्य प्रस्थ आहे, तिथले रूळ किलोमीटरमध्ये मोजतात. ते बघून हात जोडावेत. कोठीवर रेल्वे बांधणाऱ्याला उपयोग कोथरूडचाच.

जोशींचं माप एचओ, म्हणजे १:८७, आणि जगात सगळ्यात जास्त चालतं ते हेच. या मापाचे तयार रूळ साडेसोळा मिलिमीटर रुंदीचे मिळतात, कारण युरोपातले खरे रूळ १,४३५ मिलिमीटरचे. आपलं ब्रॉडगेज १,६७६ चं. त्याला ८७ नं भागलं की सव्वाएकोणीस येतात. म्हणून बाजारातल्या रुळांवर भारतीय ब्रॉडगेजचे डबे चालवायचे तर प्रत्येक गाडी पावणेतीन मिलिमीटरचं खोटं बोलत धावते. आता बारामतीची जुनी छोटी लाइन घ्या. अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर. भागिले ८७ म्हणजे पावणेनऊच्या जवळ. आणि एन मापाचे नऊ मिलिमीटरचे रूळ दुकानात आयते मिळतात! पाव मिलिमीटरचा फरक सोडला तर माझी लाइन खरी. हे गणित मांडलं त्या संध्याकाळी मी दोनदा चहा मागितला.

छोट्या रुळांचा दुसरा फायदा वळणाचा. एचओच्या मोठ्या गाडीला अर्धवर्तुळ घ्यायला पाऊण मीटरच्या आसपास जागा लागते. नऊ मिलिमीटरवरची गाडी त्याच्या निम्म्या जागेत वळते. खऱ्या नॅरोगेजचंही हेच होतं. डोंगर फोडायला, रान विकत घ्यायला पैसे नसत, तिथे ती ओढ्याच्या कडेनं अंग चोरून जाई. लहान जागेतल्या माणसानं गरीब रेल्वे निवडावी. तिनं आधीच काटकसर करून ठेवलेली असते.

ही काटकसर शास्त्र म्हणून मांडणारा माणूस आपल्याच बाजूला वावरला, हे पुष्कळांना माहीत नसतं. एव्हरार्ड कॅलथ्रॉप. बार्शी लाइट रेल्वे त्याची. १८९७ मध्ये ती बार्शीला पोचली, पुढे पंढरपूर, लातूर, मिरज अशी वाढत गेली, आणि कुर्डुवाडीचं वर्कशॉप तिच्यामुळे उभं राहिलं. कॅलथ्रॉपचं म्हणणं एवढंच की इंजिन असो, डबा असो, वाघीण असो, एका आसावर पाच टनांहून जास्त भार पडू द्यायचा नाही. मग हलके रूळ पुरतात, हलके पूल पुरतात, आणि अडीच फुटांवरही मोठ्या रेल्वेसारखा धंदा करता येतो. बार्शीचं हे शिक्षण घेऊन तो इंग्लंडात गेला आणि लीक अँड मॅनिफोल्ड नावाची छोटी लाइन त्यानं आखली. ती १९०४ ला सुरू झाली आणि १९३४ ला बंदही पडली. चाललेल्या वर्षांपेक्षा कितीतरी जास्त वर्षं तिकडचे हौशी लोक तिच्या प्रतिकृती करत आलेत. ती लाइन ज्या बार्शीवर बेतली, तिच्या प्रतिकृती कुर्डुवाडी–पंढरपूर पट्ट्यात कुणी घरोघर करत असेल असं काही माझ्या पाहण्यात आलेलं नाही. (या कॅलथ्रॉपनं पुढे विमानातून उडी मारायच्या छत्रीवरही काम केलं. पाच टनांवर अडलेला माणूस शेवटी माणसाच्या वजनाशी येऊन थांबला.)

सगळं ८७ नं भागता येत नाही, हे बांधायला बसल्यावरच कळतं. लांबी भागली जाते. दौंड ते बारामती त्रेचाळीस किलोमीटर, ते झाले पाचशे मीटर. म्हणजे मापात प्रामाणिक राहायचं तर एकटी दौंड लाइन माझ्या घरापासून निघून पार गावाबाहेर जाईल. म्हणून स्टेशन एकच घ्यायचं आणि बाकीचं दोन्ही टोकांना, भिंतीला पाडलेल्या भोकांपलीकडे दडवायचं. नाटकात पात्र विंगेत जातं तेव्हा आपण ते मुंबईला गेलं असं धरून चालतो, तसं माझ्याकडे डावं भोक म्हणजे नीरा आणि उजवं म्हणजे बारामती. उजवीकडच्या भोकामागे खरं तर देवघर आहे. आई असती तर तिनं बारामतीला हळदकुंकू वाहिलं असतं.

वजन भागलं जातं ते ८७ नं नाही, ८७ च्या घनानं, म्हणजे साडेसहा लाखांनी. वीस टनांचं इंजिन तीस ग्रॅमचं होतं आणि रुळांवर टिकत नाही, वाऱ्यानंही डळमळतं. माझ्या इंजिनाचा सांगाडा आणि मोटार काटो या जपानी कंपनीची, वरचं कवच सनबोर्ड आणि प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचं. त्याच्या पोटात नदीवरच्या मासेमारांच्या जाळ्याची शिशाचे मणी ठोकून बसवले तेव्हा ते शहाण्यासारखं चालू लागलं.

धूळ तर भागलीच जात नाही. गळीत हंगाम सुरू झाला की कारखान्याच्या चिमणीतून उडालेली बगॅसची काळी कुसळं आमच्या अंगणात, वाळवणावर, पाण्याच्या हौदात पडतात. त्यातलं एक कुसळ नऊ मिलिमीटरच्या रुळावर पडलं की तिथे ते जळक्या ओंडक्याएवढं असतं. चाक त्यावर चढतं, विजेचा संपर्क तुटतो, गाडी उभी. मार्चपर्यंत रोज सुती फडक्यावर स्पिरिट घेऊन रूळ पुसणे हा माझा गँगमनपणा. विजेचं विचाराल तर घरची लाइट कधी असते, कधी नुसती लुकलुकते. म्हणून रेल्वे फवारणी पंपाच्या बॅटरीवर चालते. बारा व्होल्ट पंपालाही तेवढेच, इंजिनालाही तेवढेच. फवारणी निघाली की रेल्वे बंद. शेतकऱ्याच्या घरी अग्रक्रम कुणाला, यावर वाद होत नाही.

आणि माती. रानातली काळी माती पिठाच्या चाळणीनं चाळून, मग वस्त्रगाळ करून फळीवर पसरली तर ती डांबरासारखी दिसते. माती खरी, जागा खरी, तरी खोटी वाटते. कारण आपण रान पाहतो ते भर उन्हात आणि लांबून. मधल्या हवेनं त्याचा रंग थोडा उतरलेला असतो. खोलीत हातभर अंतरावर तो उतरवायचा तर मातीत राख मिसळावी लागते. खऱ्याला खरं दिसण्यासाठी फिकं करावं लागतं हे मला कालव्यावरच्या तीसेक वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

बाकी सामानासाठी परदेशाकडे बघायची वेळ फारशी आली नाही. रूळ तेवढे इंग्लंडच्या पेको कंपनीचे. बाभळी केल्या त्या गाजरगवताच्या वाळक्या काड्यांच्या. त्याचा शेंडा इतका नाजूक फाटतो की वर हिरवा भुसा भुरभुरला की पन्नास पावलांवरची बाभूळच. ज्या गवतानं आख्ख्या महाराष्ट्राला खाज सुटली त्याचा एक तरी उपयोग सापडला (हातमोजे घालून). ऊस काथ्याच्या पायपुसणीतून आला. तीन मीटरचा ऊस साडेतीन सेंटिमीटरचा. पायपुसणी कापायची, रंगवायची, की दहा गुंठ्यांचा खोडवा उभा. गुळाच्या ढेपा एम-सीलच्या, पिवळ्या रंगाच्या. खऱ्या गुळाच्या केल्या असत्या तर मुंग्यांनी आख्खी मालगाडी उतरवून नेली असती. कालव्याचं पाणी म्हणजे गढूळ हिरव्या रंगावर व्हार्निशचे थरावर थर, एक वाळला की दुसरा.

कालव्याशी मात्र मी अडून बसलो, कारण तो माझा प्रांत. रूळ कालव्याच्या कोणत्या अंगानं न्यायचे? नीरा डावा कालवा १८७६–७७ च्या दुष्काळानंतरचा. १८८५ च्या सुमाराला त्याला पाणी सुटलं. कालवा समपातळीनं, मैलाला काही इंच उतरत जातो. म्हणजे इंग्रज इंजिनिअरांनी रेल्वेसाठी लागतो तो सपाट मार्ग कालव्याच्या निमित्तानं मोजून, आखून ठेवलाच होता. त्याच्या कडेनं लाइन टाकली असती तर चढाचं नाव नव्हतं. फक्त कालवा वळतो तिथे तिथे वळायचं. पण अंग कोणतं? नदीच्या अंगाला बागायत. तिथे जमीन महाग, आणि कालव्यातून निघणारी प्रत्येक चारी रुळांना आडवी जाणार, म्हणजे दर थोड्या अंतरावर मोरी बांधा. वरच्या अंगाला जिराईत. तिथे जमीन स्वस्त, चाऱ्या नाहीत. पण पावसाळ्यात वरून येणारे ओढे आधी रुळांना भिडणार आणि कालव्याच्या भरावाला अडून फुगणार. शिवाय माल सगळा खालच्या अंगाला, तो कालवा ओलांडून कोण आणणार?

खऱ्या इंजिनिअरनं पैसे बघून वरचं अंग धरलं असतं, असं माझं मत. मी खालचं धरलं. मला मोऱ्या बांधायच्या होत्या. दगडी कमानीची मोरी, तिच्यातून चारी, चारीच्या तोंडाशी दार आणि दाराशी हातात फावडं घेतलेला, दोन सेंटिमीटरचा पाटकरी. तो पाळी सोडतोय की बंद करतोय हे मुद्दाम मोघम ठेवलं आहे. बघणारा शेतकरी असला की तो लगेच आपापल्या अनुभवानं ठरवतो.

साल धरलं १९७१, बहात्तरच्या दुष्काळाच्या आधीचं. साल धरलं की पुष्कळ गोष्टी आपोआप गळतात: मोबाइलचा टॉवर नाही, ठिबक नाही, ट्रॅक्टर एखादाच. नीरेला नुकतं ब्रॉडगेज झालंय, म्हणजे आमच्या छोट्या वाघिणीतला माल तिथे मोठ्या वाघिणीत भरायचा. कारखाना घेतला नाही. त्याचं एक घर मापात मीटरभर लांब होतं आणि माझ्या गावाला गिळून टाकतं. मागच्या भिंतीवर निळसर रंगात एक चिमणी काढली आणि थांबलो. मारुतीचं देऊळ घेतलं, शाळा घेतली, पिठाची गिरणी घेतली, बाजाराची जागा मोकळी ठेवली. माझं स्वतःचं घर घेतलं नाही. ते फळीच्या काठाबाहेर पडतं, म्हणजे नकाशाप्रमाणे जिथे पडायला हवं त्याच्या बरोबर पलीकडे, जिथे मी उभा असतो.

नसलेली रेल्वे बांधायची म्हणजे लहर, असं काही जणांना वाटतं. इंग्लंडातल्या जॉन एहर्न यांची मॅडर व्हॅली नावाची लाइनही जगात कुठे नव्हती. ती त्यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे घरी बांधली आणि आज पेंडनच्या संग्रहालयात जपून ठेवली आहे. नसलेल्या गोष्टीचा नियम कडक असतो. असलेली लाइन बांधताना चुकलं तर फोटो दाखवता येतो. नसलेलीला फोटो नाही. मोरी तिथेच का, फलाट एवढाच का, याची कारणं प्रत्येक वेळी जमिनीतूनच द्यावी लागतात.

मालधक्क्यावरचे रूळ कसे टाकायचे हे मात्र मी ॲलन राइट या इंग्रज हौशी माणसाकडून घेतलं. त्यांचा एक जुना डाव आहे, इंगलनूक. तीन आंधळ्या लाइनी, एकीत पाच वाघिणी मावतात, दोनांत तीन-तीन. एकूण वाघिणी आठ. चिठ्ठ्या टाकून त्यातल्या पाच ठरवायच्या आणि चिठ्ठीच्याच क्रमानं त्यांची गाडी लावायची, वाघिणीला हात न लावता, नुसतं इंजिन मागंपुढं करून. आठ वाघिणी उभ्या राहायच्या तऱ्हा होतात ४०,३२०. सगळं मावतं सव्वा मीटरभर फळीत. गल्लीतली पोरं आली की गाडी गोल फिरावी म्हणून आधी हट्ट धरतात. गोल फिरत नाही म्हटल्यावर हिरमुसतात आणि मग या डावात अशी अडकतात की घरून हाका येतात. चौथीतल्या एकीनं परवा ढेपांची वाघीण तिसरी आणायला इतक्या कमी खेपा घेतल्या की मी तिला सांधेवाली नेमली. तिनं लगेच पगार विचारला.

मोठी माणसं येतात ती वेगळ्या कारणानं. पहिली काही मिनिटं कौतुकात जातात, मग प्रत्येक जण आपलं रान शोधायला लागतो. आणि रान सापडलं की बोलणं बदलतं. "हितं इहीर होती आमची." "पिंपळ अलीकडं घेतलास, त्यो पलीकडं हाय." एकानं विचारलं, "कोऱ्हाळे खुर्दला टेशान न्हाय व्हय?" म्हटलं, फळी संपली. "म्हंजे खऱ्यातबी असंच झालं आसतं," असं म्हणून तो हसला, पण पुढे फार वेळ बसला नाही. गावाच्या खालच्या अंगाला स्टेशन ठेवल्याबद्दल वरच्या वस्तीचे लोक नाराज आहेत. नसलेल्या रेल्वेच्या स्टेशनावरून आमच्यात दोन तट पडलेत, यावरून ते गाव हुबेहूब साधलं असं मी समजतो.

गेल्या हंगामात तात्या आले. वय ऐंशीच्या पुढे, शेजारीच रान. कमरेवर हात ठेवून त्यांनी डावीकडून उजवीकडे आख्खी लाइन नजरेखालून घातली. बोलले काहीच नाहीत. मग काथ्याच्या उसावर बोट ठेवून म्हणाले, "ह्यो आमचा फड."

"होय तात्या."

"आन् आमची गाडीवाट कुठाय? रूळ आडवं घातलंस की माझ्या वाटंला. ऊस काय डोक्यावरनं काढू?"

मी म्हटलं, तात्या, रूळ बसलेत, खडी चिकटवून झाली. तर म्हणाले, "मोबदला नगं मला. फाटक घाल." आणि बाजरीच्या कोठीवर बसले, फाटकाची जागा ठरल्याशिवाय न उठण्याच्या तयारीनं.

फाटक घालायचं म्हणजे नुसते दोन दांडे नव्हेत. दोन्ही बाजूंना वाटेचा चढ हवा, फाटकवाल्याची खोली हवी, तिच्यामागे पाण्याचा रांजण हवा, आणि उसाची भरलेली बैलगाडी वळायला जागा हवी. पट्टी लावून पाहिलं. शाळेच्या पटांगणातून चार सेंटिमीटर कापले की बसतंय. पटांगणाला हात लावायचा तर हेडमास्तरांना विचारायला हवं, आणि ते कोठीच्या खोलीत अजून एकदाही आलेले नाहीत. तात्यांनी तेवढ्यात वळणाऱ्या गाडीचे बैल कुठल्या रंगाचे हवेत तेही सांगून ठेवलंय. धवळे नकोत, म्हणाले, आमची जोडी कोशी होती.